खांबेट्यांना पसंत पडेल असं पिस्तूल

ऑकलंडातल्या ओटाहुहूच्या भाजीवाल्यानं एकदा दीनानाथ खांबेट्यांच्या हातातली भेंडी काढून घेतली होती. काढून घेतली म्हणजे खरोखर, मनगट धरून. फिजीचा माणूस, बोलायला गोड, गिऱ्हाइकाला कधी वर तोंड करून न बोलणारा. पण त्याचाही तोल सुटला. "अंकल, सब का पूँछ तोड़ोगे तो मैं बेचूँगा क्या?" दीनानाथांना त्यात काही वावगं वाटलं नाही. भेंडी घ्यायची तर टोक मोडून बघायचं, कट्‌कन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर परत टाकायची, हे त्यांना त्यांच्या आईनं शिकवलं होतं. आईनं शिकवलेलं न्यूझीलंडात लागू नाही असं कुठं लिहिलंय? लाजेनं मेली ती बिचारी त्यांची बायको सुलभा. ती काम करते ती फार्मसी त्याच रस्त्यावर, चार दुकानं सोडून. त्या भाजीवाल्याच्या नजरेसमोरून रोज जायचं असतं ते तिला, ह्यांना नव्हे.

माणूस वाईट नव्हे हो. दारू नाही, तंबाखू नाही, आवाज चढवणं नाही. पण पारखणं! पारखण्याचा नुसता आजार. आधी भोसरीच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर, मग इथं आल्यावर 'ते रापा' नावाच्या भागातल्या एका मशीन शॉपमध्ये तेच काम. दूध कारखान्यांना लागणारे व्हॉल्व्ह आणि बुशिंगा दिव्याखाली धरायच्या, फिरवायच्या, आणि बरी असेल ती उजवीकडे, नसेल ती डावीकडे ठेवायची. सगळं आयुष्य डावी-उजवी करण्यात गेलं. "माझ्या नजरेतून सुटत नाही," हे वाक्य सुलभानं लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात ऐकलं, तेव्हा तिला कौतुक वाटलं होतं. वय लहान होतं, दुसरं काय!

गंमत अशी की दुसऱ्यांसाठी हा माणूस अर्ध्या तासात निर्णय देतो. ऑकलंडातल्या मराठी मंडळींत कुणी जुनी गाडी घेवो, मिक्सर घेवो, नाहीतर घर घेवो, "खांबेटेकाकांना दाखवलं का?" हा प्रश्न येतोच. काका जातात, वाकून बघतात, दोन ठिकाणी टिचकी मारतात आणि "घ्या" किंवा "सोडा" म्हणतात. लोक डोळे मिटून ऐकतात. स्वतःच्या घरात मात्र बोंब. बॉटनी डाउन्सला राहायला आल्यावर सोफा यायला दीड वर्ष लागलं. तोवर पाहुणे आले की जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या ओढून बाहेर आणायच्या आणि "सोफा बघतोय" असं हसत सांगायचं. ते हसणंसुद्धा सुलभाच्याच वाट्याला.

आणि मग हा माणूस रिटायर झाला. दिव्याखाली धरायला बुशिंगा उरल्या नाहीत, तेव्हा नजर वळली स्वयंपाकघराकडे. पोळीची कड जाड आहे. डाळ घोटलेली नाही. ओट्यावर पाण्याचे डाग आहेत. डाग पुसले तरी आहेतच म्हणतात! सुलभानं हात टेकले. लेक ऋग्वेदा पलीकडच्याच सबर्बमध्ये राहते, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत. तिला फोन केला तर तिचं एकच पालुपद, "मम, जस्ट लेट हिम बी." अगं बाई, असू कसं देऊ? तुझा बाबा माझ्या मागं उभा राहून फोडणी तपासतोय.

सुटकेचा वार एकच, रविवार. रविवारी दीनानाथ पिस्तूल क्लबला जात. शाळेत असताना एनसीसीत त्यांनी रायफल चालवली होती आणि त्यात बक्षीसही मिळवलं होतं. ते वेड इथं एका जुन्या सहकाऱ्यामुळं पुन्हा जागं झालं. ह्या देशात पिस्तूल म्हणजे थट्टा नव्हे. क्लबचं सभासद व्हा, महिनोन्‌महिने नियमित हजर राहा, पोलिसांकडून चौकशी, घरी भिंतीला बोल्ट केलेली तिजोरी, तिचीही तपासणी, मग लायसन्सवर खास शिक्का. एवढं सगळं ह्यांनी एका दमात केलं, एकही कागद मागं ठेवला नाही. तिजोरी गराजमध्ये बसली. सुलभाला वाटलं, चला, महिन्याभरात पिस्तूल येईल.

त्याला तीन वर्षं झाली. तिजोरी रिकामी. आत फक्त ओलावा शोषणारी पुडी, तीही हे दर दोन महिन्यांनी नेमानं बदलतात.

घोडं कुठं अडलं होतं ते सांगायला हवं. ह्या नेमबाजीत धावत, वळत, वेगवेगळ्या टार्गेटांवर गोळ्या मारायच्या असतात, आणि पिस्तूल कसं आहे त्यावरून खेळाडूंचे गट पडतात. त्याला म्हणायचं डिव्हिजन. एका गटात कारखान्यातून आलं तसंच साधं पिस्तूल चालतं, नेम धरायला फक्त नळीच्या टोकावरचा लोखंडी खुंट, तीच पुढची साइट. दुसऱ्या गटात त्याच पिस्तुलावर छोटी काच बसवता येते. काचेत लाल ठिपका दिसतो, तो टार्गेटवर टेकवायचा की झालं. तिसऱ्या गटात आणखी बदल केलेली पिस्तुलं असतात, पण साधं नेलं तरी कुणी हाकलत नाही, गुण थोडे कमी पडतात इतकंच. आता दुसरा कुणी असता तर एक गट धरता, एक पिस्तूल घेता आणि कामाला लागता. खांबेट्यांना एकच पिस्तूल हवं होतं आणि ते तिन्ही गटांत चालायला हवं होतं. काच लावली तर ह्या गटात, काढली तर त्या गटात, आणि कधी लहर आली तर तिसऱ्यातही. "एकच घ्यायचं, पण असं घ्यायचं की परत बघायला नको," हे ते सोफ्याच्या वेळीही म्हणाले होते.

बरं, अशी पिस्तुलं नाहीत का? खंडीभर आहेत! वरच्या भागाला काचेसाठी खाच आधीच कापलेली, नको तेव्हा झाकणी लावून टाकायची. नको नको म्हणताना सुलभालाही हे सगळं पाठ झालं होतं. फार्मसीत एकदा ब्लडप्रेशरच्या गोळ्या मोजता मोजता ती नव्या मुलीला सांगायला लागली की नऊ मिलिमीटरचं पिस्तूल घेतलेलं बरं, सगळीकडे चालतं. ती पोर घाबरून बघत राहिली.

दीनानाथ दुकानात जात, पिस्तूल हातात घेत, भिंतीकडे नेम धरत आणि परत ठेवत. पकड छान आहे, चाप हलका आहे, वजन बरोबर आहे. मग काय बिघडलं? "पुढच्या साइटच्या कडा धड कापलेल्या नाहीत. खुंटाला सावली पडते, बाजूला दुसरा खुंट असल्यासारखी. असला माल आम्ही दारातून आत घेतला नसता." दुसऱ्या कंपनीचं बघितलं, तेच. तिसरीचं बघितलं, तेच. "सगळ्या जगात काम ढिलं झालंय," असा निष्कर्ष निघाला. खरेदीची परवानगी काढली की ती मुदतीची असते. पहिली मुदत साइटच्या कडांपायी गेली. दुसरी काढली, तीही तशीच गेली. दर खेपेला घरी येऊन चहा पिता पिता त्या कंपनीची पार पिढ्यान्‌पिढ्यांची हजेरी.

आणि कळस झाला तो मोहनमुळं. मोहन कॉम्प्युटरमधला पोरगा, पोरगा म्हणजे चाळिशीचा, काकांनीच त्याला क्लबमध्ये नेलेला. ह्यांनी जे पिस्तूल "सावली पडते" म्हणून टाकलं, तेच, अगदी तोच नग, मोहननं दुसऱ्या दिवशी जाऊन उचलला. वर्षभरात त्याच पिस्तुलानं दोन गटांत मेडल आणलं. पेढे घेऊन घरी आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही शिफारस केलेलं मॉडेल, एकदम भारी निघालं!" दीनानाथांनी पेढा हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "मॉडेल चांगलंय रे, नग खराब आहे. सांभाळून वापर." सुलभा उठून आत गेली. तिथं बसली असती तर तिच्या तोंडून काय निघालं असतं याचा नेम नव्हता.

तर हे असं भिजत घोंगडं. दीनानाथ क्लबच्या जुन्या पिस्तुलावर दिवस काढत होते. खापर मात्र त्याच्याच माथी फोडत. अलीकडं गोळ्या टार्गेटच्या बाहेर जायला लागल्या की "खिळखिळं झालंय ते" म्हणत. सुलभा म्हणे, म्हणूनच तर स्वतःचं घ्या. ते म्हणत, बघतोय.

यंदा फेब्रुवारीत, इथला उन्हाळा सरता सरता, क्लबच्या त्या पिस्तुलाला तडा गेला. मेंबरांनी ठरवलं, आता क्लबची उरलेली पिस्तुलं फक्त नव्या शिकाऊंसाठी. मार्चमधल्या आंतरक्लब स्पर्धेत ज्याला उतरायचं त्यानं आपलं आणावं. त्या रविवारी दीनानाथ घरी आले. चहा निम्मा ठेवला. ओट्याकडे बघितलंसुद्धा नाही. रात्रीच्या जेवणाला म्हणाले, "मी आता टार्गेटवरच्या भोकांना ठिगळं चिकटवायला जात जाईन. कुणीतरी लागतंच तिथं."

सुलभाला पुढचं सगळं दिसलं. हा माणूस ठिगळं चिकटवायला दोनदा जाईल, तिसऱ्यांदा पाऊस आहे म्हणेल, चौथ्यांदा गुडघा दुखतोय म्हणेल आणि मग जाणंच बंद. 'ते रापा'तली नोकरी सुटली, तिथली माणसं सुटली. इथं येऊन त्यांना "डीन, इकडे ये, हे बघ जरा" म्हणून हाक मारणारी जागा ती एकच. तीही गेली तर उरलेलं आयुष्य हा माणूस तिच्या पोळ्यांच्या कडा बघत काढणार. दोघंही वेडे होतील, आणि आधी ती.

"तिसरी परवानगी आलीय ना? कधी संपते?" तिनं विचारलं.

"शुक्रवारी."

"शुक्रवारी मी रजा टाकते. आपण जातोय. आणि ऐकून ठेवा, तिजोरीत काहीतरी घातल्याशिवाय मी त्या दिवशी चूल पेटवणार नाही." चूल कसली, इंडक्शन आहे, पण रागात तोंडातून येईल ते येतं.

शुक्रवारी गाडी तिनंच चालवली. हल्ली मोटरवेला दीनानाथ चालवायला नकोच म्हणत. नव्या गाड्यांचे दिवे फार फाकतात, डोळ्यांवर येतात, कायद्यानं बंद करायला हवेत, हे त्यांचं सध्याचं दुसरं गाऱ्हाणं. वाटेत तेच चालू होतं. सुलभानं रेडिओ लावला.

दुकानदार ब्रेंडन म्हणजे सहनशीलतेचा पुतळा. गेली तीन वर्षं त्यानं ह्या गिऱ्हाइकाला पिस्तुलं दाखवली होती आणि एकदाही कपाळावर आठी आणली नव्हती. "किया ओरा डीन! आज मॅडमपण? स्वीट अ‍ॅज, मस्तच." दोघांना कॉफी देऊन झाली. मग त्यानं रिकामं असल्याची खात्री करून एक पिस्तूल काउंटरवरच्या मऊ चटईवर ठेवलं. तिन्ही गटांत चालणारं. काचेसाठी खाच, वर झाकणी, मुठीचे मागचे तुकडे बदलता येणारे. दीनानाथांच्या हातात ते इतकं नीट बसलं की सुलभालाही कळलं. त्यांनी भिंतीकडे नेम धरला, मान थोडी मागं घेतली, हनुवटी वर केली, पुन्हा खाली आणली.

"पुढची साइट," ते म्हणाले.

सुलभानं डोळे मिटून घेतले. हे देवा!

"ठीक आहे," ब्रेंडन शांतपणे म्हणाला. "साइट नको, आपण काचेनंच बघू. तू नाहीतरी काचेच्या गटातही खेळणार आहेस." त्यानं डबीतून लाल ठिपक्याची छोटी काच काढली, चालू केली आणि तशीच, पिस्तुलाला न लावता, त्यांच्या हातात दिली. "बघ, ठिपका कसा वाटतो."

दीनानाथांनी काच डोळ्यासमोर धरली. बराच वेळ धरली. "ही खराब आहे. ठिपका गोल नाही. फुटलाय, खाली शेपूट आलंय."

ब्रेंडननं दुसरी दिली. तीही फुटलेली. तिसरी दुसऱ्या कंपनीची, नवी कोरी, सील त्यांच्यासमोर तोडलं. "हीसुद्धा!" दीनानाथ आता खरंच चिडले होते. "बघ सुलभा, बघ तू. मी उगाच म्हणतो का? तीन कंपन्या, तिन्ही खराब! ह्यांच्याकडे तपासायला कुणी बसतं की नाही?"

"आणा इकडे!" सुलभानं काच जवळजवळ हिसकावलीच. तिला भांडायचं होतं. तीन वर्षांचं सगळं तोंडाशी आलं होतं. तिनं काच डोळ्यासमोर धरली.

ठिपका गोल होता. कुंकवाचा बारीक ठिपका असतो तसा, स्वच्छ.

तिनं दुसरी उचलली. गोल. पहिली उचलली. गोल. भांडण तोंडातच राहिलं. फार्मसीत रोज म्हातारी माणसं डोळ्यांचे थेंब न्यायला येतात आणि उभ्या उभ्या आपलं सांगत बसतात. बाई गं, चंद्राला शेपूट दिसायचं. गाडीचे दिवे फाकायचे. एकाच खांबाचे दोन खांब दिसायचे. मग ऑपरेशन केलं. हे ती कितीतरी जणांकडून ऐकत आली होती, पण घरी तेच कुणी तीन वर्षं ओरडून सांगत होतं, तेव्हा ते तिला नुसतं गाऱ्हाणं वाटलं होतं.

"अहो," ती म्हणाली. आवाज आपोआप खाली आला. "ही धरा पुन्हा. आता उजवा डोळा मिटा. डाव्यानं बघा."

"मी उजव्यानं नेम धरतो."

"माहीत आहे मला. बघा."

त्यांनी डाव्या डोळ्यानं बघितलं. मग उजव्यानं. मग पुन्हा डाव्यानं. ब्रेंडनला काय कळायचं ते कळलं असावं. तो "कॉफी बघतो" म्हणून मागच्या खोलीत गेला, जाताना चटईवरचं पिस्तूल उचलून कपाटात ठेवून कुलूप लावून गेला. सुलभा आणि दीनानाथ काउंटरपाशी दोघंच राहिले. कॉफी मघाशीच पिऊन झाली होती.

दीनानाथांनी काच खाली ठेवली. डावीकडेही नाही, उजवीकडेही नाही, मधोमध.

"डाव्यानं गोल दिसतोय," ते म्हणाले.

"हं."

"म्हणजे काच चांगली आहे."

"चांगली आहे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू असणार. डॉक्टर बघतील, पण मला तेच वाटतंय. काही घाबरायचं नाही, आजकाल लहानसं ऑपरेशन असतं."

"पहिली पण चांगली होती."

"हो."

"आणि ती मागच्या वर्षीची पिस्तुलं? ज्यांच्या साइटला सावली होती?"

त्यांनीच मान हलवली. "मोहनचं." मग, अगदी हळू, "आणि 'ते रापा'ला शेवटी शेवटी मी जे नग डावीकडे टाकले..."

"छे, तेव्हा नव्हता," सुलभा पटकन म्हणाली. तिला काय माहीत होतं, कपाळ! पण ती म्हणाली, आणि इतकी ठासून म्हणाली की त्यांनी मानलं, निदान तसं दाखवलं.

तिला राग आला होता, पण आता तो कुणावर काढायचा तेच कळेना. डोळे तपासून घ्या म्हणून तिनं सांगितलं नव्हतं का? शंभरदा सांगितलं होतं. घरात फार्मासिस्ट आहे मग डॉक्टर कशाला, म्हणून ह्यांनी तिच्याच दुकानातल्या स्टँडवरचे चष्मे एकामागून एक लावून बघितले होते आणि त्यातला एक स्वतः पारखून घेतला होता. सगळ्या जगाचे नग तपासणारा माणूस! पण स्वतःला कधी दिव्याखाली धरून बघितलं नाही ह्यानं. तिला त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं आणि तिथंच रडावंसंही वाटत होतं.

ब्रेंडन परत आला तेव्हा दीनानाथ दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे होते.

"मघाचं पिस्तूल दे," ते म्हणाले. "आणि ही काच."

"नक्की ना? हवं तर पुन्हा एकदा..."

"नको. माझं बघून झालं. डाव्यानं नेम धरायला शिकेन तोवर. लोक शिकतात." ब्रेंडननं कागद पुढं केले. दीनानाथ खांबेट्यांनी ते न वाचता सही केली. सुलभानं लग्नानंतर पहिल्यांदा असं काही पाहिलं.

ब्रेंडननं आतून त्याच मॉडेलचा सीलबंद खोका आणला, उघडला, रिकामं असल्याचं दाखवलं आणि नवं पिस्तूल चटईवर ठेवलं. "मेट, एकदा तपासून घे." दीनानाथांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत म्हणाले, "ठीकच असेल. बांध."

तीन वर्षं सुलभा ह्याच शब्दासाठी झुरली होती. बांध! आता खोका गाडीत, गाडी घरी, आणि हा विषय आयुष्यातून संपला. मग तिची नजर उगाच, अगदी उगाच, त्या पिस्तुलावर गेली.

वरच्या काळ्या भागावर, मागच्या कडेजवळ, एक बारीक रेघ होती. उजेडाची असेल म्हणून ती थोडी वाकली. उजेडाची नव्हती. ओरखडा होता.

बोलू नकोस, तिनं स्वतःला बजावलं. बये, बोलू नकोस. त्याला दिसत नाहीये. आज परवानगी संपतेय. बोललीस तर पुन्हा खोका, पुन्हा दुसरा नग, आणि त्यात आणखी काही निघालं तर पुन्हा पहिल्यापासून सगळं. एवढ्याशा रेघेनं गोळी काय वाकडी जाणार आहे? तिनं पर्सचा पट्टा खांद्यावर चढवला. दीनानाथ तसेच उभे होते, हात मागं बांधून, दिनदर्शिकेकडे बघत. शाळेत निकाल न विचारता घरी निघालेल्या मुलाचा चेहरा होता त्यांचा. तिच्यानं ते बघवेना.

"अहो," ती म्हणाली. "ह्याच्यावर ओरखडा आहे."

"कुठं?" ते गर्रकन वळले, वाकले, डोळे बारीक केले. मान मागं घेतली, पुढं आणली. "कुठं गं? मला नाही..."

तिनं त्यांचा अंगठा धरला आणि त्या रेघेवर नेऊन ठेवला. त्यांनी नख आडवं केलं आणि डोळे मिटून हळूहळू मागून पुढं ओढलं. मध्ये एका जागी नख थांबलं. ते परत मागं गेले आणि पुन्हा तिथंच थांबले.

"आहे," ते म्हणाले. "नखाला लागतंय."

"मग सांगा त्याला. बदलून द्यायला सांगा."

दीनानाथांनी डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं, आणि चटईपासून बाजूला होऊन तिला जागा करून दिली.

"तू सांग," ते म्हणाले. "तुला दिसलंय."